बोरीचे बारा महिने: बोरकूट, बोरन्हाण, पाला आणि गावठी बोरीवर डोळा भरणं

पुण्यात बोरांची आठवण तुळशीच्या लग्नाला होते, संक्रांतीला ती सुगडात जातात आणि रथसप्तमी उलटली की विषय संपतो. मंडईतले ढीग हलतात, शाळेच्या फाटकाजवळची टोपली उठते. खरं तर हे झाड वर्षभर कामाला येतं. हिवाळ्यात फळ, उन्हाळ्याच्या तोंडाशी वाळवण, एप्रिल-मेमध्ये छाटणी आणि काट्या, जून-जुलैत डोळा भरणं (चांगल्या जातीच्या काडीवरचा डोळा गावठी झाडावर बसवून कलम करणं), पावसाळ्यात कोवळा पाला. हे वेळापत्रक हाताशी असलं तर एका गावठी बोरीवर घरातली बरीच कामं निघतात. ते माहीत नसलं की तीच बोर प्लॉट साफ करताना सगळ्यात आधी तोडली जाते. हडपसर, मांजरी, लोहगाव, धायरी अशा शहराच्या कडेच्या भागांत हे सतत होतंय आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहिला आहे.

या भागाची आणि बोरीची ओळख फार जुनी आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातल्या त्या शेतकऱ्यांच्या वस्तीत धान्यांच्या जळक्या दाण्यांबरोबर बोराच्या आठळ्याही मिळाल्या. दख्खनच्या कोरड्या, उथळ मातीत आपसूक येणारं आणि गोड-आंबट फळ देणारं हे झाड माणसाच्या हाताशी तेव्हापासून आहे.

आधी झाड ओळखा

आपल्याकडची बोर म्हणजे झिझिफस मॉरिशियाना. पान साधारण गोलट, वरून गडद हिरवं आणि चकचकीत. उलटं केलं की खाली पांढुरकी लव दिसते. देठापासून तीन ठळक शिरा निघतात. काटे बहुधा जोडीने येतात, एक सरळ आणि एक आकड्यासारखा वाकलेला. सदरा अडकतो तो या दुसऱ्यात, म्हणून फांदीतून हात बाहेर ओढू नका. आधी आत ढकला, मग सोडवा. वेताळ टेकडी, तळजाई, पर्वतीचा उतार इथे फिरताना या खुणा ताडून पाहा. टेकड्यांवरची बोरं पक्ष्यांची आणि मुंगसांचीही आहेत, तेव्हा ओंजळभर वेचावीत, पोतं भरू नये आणि फांद्या मोडू नयेत.

याच कुळातलं तोरण सह्याद्रीच्या पावसाळी भागात येतं. त्याची पांढरी फळं उन्हाळ्यात पिकतात आणि खायला मजेशीर लागतात, पण या लेखातली कृती त्यांना लागू नाही.

बाजारातून कोणती बोरं घ्यायची

हंगाम साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात मोठी आवक सोलापूरकडून होते आणि चमेली, उमराण, चेकनट, चण्यामण्या ही नावं तिथे सर्रास ऐकू येतात. जळगावची मेहरूण मिळाली तर सोडू नका. कशासाठी हवी आहेत हे ठरवून घेतली तर फसगत होत नाही.

नुसती खायला चमेली किंवा मेहरूण. वाळवायला उमराण चांगली, कारण ती गरदार असते आणि पूर्ण पिकली की सोनेरी-तांबूस होते. बोरकुटाला, म्हणजे वाळलेल्या बोरांच्या भुकटीला, मात्र मी चण्यामण्या किंवा गावठीच घेते. त्यांचा आंबटपणा वाळल्यावरही टिकतो, आणि आंबटपणा नसलेलं बोरकूट म्हणजे नुसती गोड माती. हिरवीगार, मोठी ॲपल बोरं कापून मीठ-तिखट लावून खायला ठीक आहेत. वाळवणाला आणि लोणच्याला ती उपयोगाची नाहीत, पाणचट होतात.

घेण्याआधी विक्रेत्याला विचारून दोन-तीन बोरं फोडून पाहा. आठळीभोवती तपकिरी भुसा दिसला तर फळमाशीची अळी आत आहे किंवा होऊन गेली आहे. वरून बारीक काळा टोच आणि वेडावाकडा आकार ही तिचीच खूण. अशी बोरं वाटेत टाकू नका. अळी मातीत शिरून तिथेच कोष करते. पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा आणि मगच कचऱ्यात द्या.

भोगी, सुगड आणि बोरन्हाण

भोगीच्या भाजीत वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा, शेंगदाणे, तीळ यांच्याबरोबर बोरंही घालतात. ती आधीपासून शिजवली तर फुटून भाजी आंबट-चिकट होते. वांगी शिजत आली की धुतलेली, कडकसर बोरं अख्खीच टाका, झाकण ठेवा आणि पाच मिनिटांत आच बंद करा. बाजरीच्या भाकरीबरोबर वाढताना आठळ्यांची आठवण सगळ्यांना करून द्या, विशेषतः आजी-आजोबांना.

सुगडात ऊस, गाजर, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या, शेंगा आणि तिळगुळाबरोबर बोरं भरतात. त्यासाठी पिवळसर, देठ शाबूत असलेली निवडा. पूजेनंतर ती तशीच सुकत ठेवू नका. वाण देऊन उरलेली त्याच दिवशी वेगळी काढली तर वाळवणात जातात.

बोरन्हाणाबद्दल जरा थांबून सांगते, कारण इथे चूक महागात पडते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कुठल्याही दिवशी हे करतात. पहिल्या संक्रांतीपासून साधारण पाच वर्षांपर्यंतच्या मुलांचं. काळे कपडे, हलव्याचे दागिने, औक्षण आणि मग डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभरे, बत्तासे, हलवा. वर्षा-दोन वर्षांच्या मुलाच्या हाती यातलं जवळजवळ काहीही लागलं की ते थेट तोंडात जातं. बोराची आठळी, हरभऱ्याचा दाणा आणि हलवा हे तिन्ही घशात अडकणारे आकार आहेत.

म्हणून असं करा. जमिनीवर जाड सुती चादर पसरा आणि पाट मधोमध ठेवा. तीन वर्षांखालच्या मुलासाठी मुख्य भर चुरमुऱ्यांवर ठेवा. बोरं मोठी, मोजकी आणि न फुटलेली घ्या. उसाचे करवे आणि कडक चॉकलेटं डोक्यावरून टाकू नका, बाजूला ताटात ठेवून वाटा. ओंजळ मुलाच्या डोक्याच्या अगदी जवळून, हळू सोडा. मुलाला मांडीवर घेणाऱ्या व्यक्तीला दुसरं कुठलंच काम देऊ नका, फोटोचंही नाही. वेचायला मोठी मुलं सोडा, आणि ती वेचत असताना धाकट्याला चादरीवरून उचलून घ्या. हलव्याचे दागिने फोटो झाल्यावर लगेच काढा, कारण लाळेने ते विरघळतात आणि दोऱ्यातून सुटतात. सोहळा यामुळे तसूभरही उणा होत नाही.

वाळवण आणि बोरकूट

हे काम संक्रांतीनंतरच्या आठवड्यात धरा. पुण्यात जानेवारीचं ऊन स्वच्छ आणि हवा कोरडी असते. अडचण फक्त रात्रीच्या दवाची.

बोरं दोन पाण्यांतून धुवा, तरंगणारी, डागाळलेली आणि टोचलेली काढून टाका. दहा-बारा फोडून अळी तपासा. त्यात दोन-तीन किडकी निघाली तर तो सगळा लॉट वाळवणाला घेऊ नका. मोठ्या पातेल्यात पाणी उकळून आच बंद करा, बोरं त्यात तीन-चार मिनिटं बुडवा आणि चाळणीवर उपसा. या उकळत्या पाण्याचा फायदा दुहेरी आहे. सालीवरची बुरशी आणि आंबवणारे जंतू कमी होतात, आणि साल सैल पडल्याने आतलं पाणी लवकर बाहेर येतं. खारी बोरं हवी असतील तर याच पाण्यात मूठभर मीठ टाका.

मग सुती कापडावर एकेरी पसरा. एकावर एक आली की खालची आंबतात. वर मलमलचं कापड ताणून बांधा, नाहीतर माश्या येतातच. रोज एकदा हलवा आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास आत घ्या. दव पडलेलं वाळवण दुसऱ्या दिवशी चिकट होतं आणि बुरशी तिथूनच लागते. लहान बोरांना आठ-दहा दिवस लागतात, उमराणला त्याहून जास्त. साल सुरकुतली, दाबून बोट बुडेना आणि ताटलीत टाकल्यावर खडखडली की वाळली. फ्लॅटच्या खिडकीत तीन-चार तासच ऊन येत असेल तर उमराण घेऊच नका, लहान गावठी बोरंच वाळवा.

कुटायचं भर दुपारी, बोरं उन्हातून गरम उचलून. तेव्हा ती कुरकुरीत असतात. लोखंडी खलबत्त्यात थोडी थोडी घेऊन हलक्या हाताने ठोके द्या. उद्देश गर सुटावा आणि आठळी अख्खी राहावी हा. मिक्सर टाळा. त्याच्या पात्याने आठळी फुटते, तिचे काचेसारखे तुकडे भुकटीत मिसळतात आणि दातांची वाट लागते. सुटलेला गर आधी रव्याच्या चाळणीतून आणि मग पिठाच्या चाळणीतून काढा. वर राहिलेला जाडसर चुरा परत उन्हात ठेवून पुन्हा कुटा. किलोभर ताज्या बोरांचं कूट अगदी थोडं होतं, तेव्हा निदान तीन-चार किलोंचा घाट घाला. नाहीतर मेहनतीच्या मानाने बरणी रिकामीच दिसेल.

साधी भुकटी बरणीत तशीच ठेवा. मसाला लागेल तेवढ्यालाच लावा, कारण गूळ ओल धरतो आणि सगळ्या कुटाचे गठ्ठे होतात. एक वाटी भुकटीला पाव वाटी किसलेला गूळ किंवा पिठीसाखर, अर्धा चमचा काळं मीठ, अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चिमूट-दोन चिमूट लाल तिखट. बोटांनी चोळून एकजीव करा. शाळेबाहेर कागदाच्या पुडीत मिळायचं ते हेच.

बिनमसाल्याची भुकटी पुढे उन्हाळ्यात खरी कामाला येते. दोन चमचे भुकटी पेलाभर पाण्यात अर्धा तास भिजवा, कुस्करून गाळा, गूळ, मीठ आणि जिरेपूड घाला. एप्रिलच्या दुपारी हे सरबत फार सुंदर लागतं. तुरीच्या आमटीत चिंचेऐवजीही ती चालते. चिंचेपेक्षा आंबटपणा सौम्य असल्याने थोडी जास्त घाला आणि आमटी उकळल्यावर घाला.

लोणच्याचं थोडक्यात सांगते. अर्धा किलो कडक, पिवळी बोरं काट्याने टोचून पाच मिनिटं वाफवा आणि पूर्ण कोरडी करा. दीडशे ग्रॅम गूळ, तीन चमचे मीठ, तीन चमचे मोहरीची डाळ, दोन चमचे तिखट, पाव चमचा तळलेल्या मेथीची पूड असं कालवून वर हिंगाची गार केलेली फोडणी ओता. फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत संपवा. हे वर्षभराचं लोणचं नाही.

पाला

बोरीच्या पानांत सॅपोनिन असतं, त्यामुळे ती वाटून पाण्यात घुसळली की फेस येतो. केस धुवायला ती पूर्वीपासून वापरतात. पावसाळ्यात कोवळा पाला दोन मुठी घ्या, स्वच्छ धुवा, काटे आणि देठ काढा, थोड्या पाण्यात बारीक वाटून फडक्यातून गाळा. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून काही तास पाहा. खाज-पुरळ नसेल तर केसांच्या मुळांशी दहा-पंधरा मिनिटं ठेवून धुवा. डोळ्यांत जाऊ देऊ नका. चोथा गाळला नाही तर तो केसांत अडकून बसतो आणि निघता निघत नाही. तेल भरपूर लावलेल्या केसांना एकदा धुऊन पुरत नाही, दुसऱ्यांदा लावा. केस गळायचे थांबतात वगैरे म्हणणाऱ्यांवर मात्र विसंबू नका. हे केस स्वच्छ करायचं साधन आहे.

मुस्लिम कुटुंबांत मृताला घालायच्या शेवटच्या आंघोळीच्या पाण्यात बोरीचा पाला घालण्याची धार्मिक रीत आहे. तो पाला ऐन वेळी, कुठल्याही प्रहरी लागतो. वाड्यात किंवा सोसायटीत बोर असेल आणि कुणी मागायला आलं, तर काहीही न विचारता द्यावा.

शेळ्या हा पाला आवडीने खातात. दुष्काळी पट्ट्यात तोच त्यांचा आधार असतो.

औषध म्हणून किती विश्वास ठेवायचा

ताज्या बोरात क जीवनसत्त्व भरपूर असतं, हे पक्कं. वाळवताना त्यातलं बरंच जातं, तेव्हा बोरकूट चवीसाठी खावं. चरकसंहितेत बोराचा उल्लेख हृद्य म्हणजे मनाला रुचणाऱ्या द्रव्यांत आहे, आणि आंबट बोर वांती थांबवणाऱ्या गणात सांगितलं आहे. आयुर्वेदात कोल हे मापही बोराच्या आकारावरून आलं. घरातल्या वयस्क बायका चाटणाची गोळी ‘बोराएवढी’ घ्यायला सांगतात, ती याच परंपरेतून.

गोंधळ होतो तो दुसऱ्याच फळाचा. पेठांतल्या काष्ठौषधींच्या दुकानांत ‘उन्नाब’ नावाने लाल, सुरकुतलेलं फळ मिळतं. युनानी जोशांद्यात, म्हणजे काढ्यात, खोकल्यासाठी घालतात ते हेच. ते चिनी जुजुबे, झिझिफस जुजुबा. झोपेसाठी ज्या बियांचा बोलबाला आहे त्याही त्याच जातीच्या एका रानटी प्रकाराच्या आणि चिनी वैद्यकातल्या. इंटरनेटवर वाचलेले जुजुब्याचे गुण आपल्या चण्यामण्याला चिकटवून आठळ्या फोडून खात बसू नका. सालीचा काढा जुलाबावर देत असत, कारण तीत टॅनिन हे तुरट द्रव्य आहे. त्याच टॅनिनमुळे ती कातडी कमवायलाही वापरली जाई. पण झाडाची साल सोलली की झाड खचतं, आणि जुलाबावर आज मीठ-साखरेचं पाणी आणि डॉक्टर दोन्ही हाताशी आहेत. बोरीची साल तिच्या अंगावरच राहू द्या.

लाकूड, काट्या, लाख

लाकूड कठीण आणि चिवट असतं. औताचे भाग, अवजारांचे दांडे, खाटेचे पाय यांना ते वापरत, आणि त्याचा कोळसाही चांगला होतो. बोराटीच्या काट्या कुंपणाला लावतात. लाखेचे किडे ज्या झाडांवर पोसतात त्यांत पळस आणि कुसुमाबरोबर बोरही आहे. पूर्व विदर्भात ते काम चालतं, आपल्याकडे नाही.

गावठी बोरीवर डोळा भरणं

शेतात, फार्महाउसवर किंवा बंगल्याच्या आवारात आपोआप आलेली बोर असेल तर ती काढून नवं कलम लावू नका. तिचं सोटमूळ खोल गेलेलं असतं, आणि पाण्याशिवाय तगायची तिची ताकद तिथेच आहे. नव्या रोपाला ती यायला वर्षं जातात. त्याच खोडावर चांगल्या जातीचा डोळा भरा. बाल्कनीतल्या कुंडीत मात्र बोर लावूच नका. मुळाला जागा नाही, आणि काटे लोकांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात.

महापालिकेच्या हद्दीत असाल तर आधी एक पायरी. नागरी भागात झाड तोडायला किंवा मोठी छाटणी करायला १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. झाड स्वतःच्या जागेत असलं तरी लागते.

मार्च-एप्रिलमध्ये खोड जमिनीपासून गुडघा ते कंबर उंचीवर धारदार करवतीने तिरकं कापा आणि कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. महिन्याभरात खाली भरपूर धुमारे फुटतात. त्यातले वेगवेगळ्या दिशांना गेलेले, जोमदार असे तीन-चार ठेवा आणि बाकीचे खुडा. जून-जुलैत ते पेन्सिलीएवढे जाड होतात. तेव्हा उमराण, कडाका, मेहरूण यांपैकी हव्या त्या जातीच्या, भरपूर फळणाऱ्या निरोगी झाडावरून त्याच हंगामातली काडी आणा. पानं कापून देठ तेवढे ठेवा आणि काडी ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच दिवशी वापरा.

धुमाऱ्याच्या सालीवर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर द्या, फक्त साल कापेल इतकीच. काडीवरचा डोळा ढालीच्या आकाराच्या सालीसकट काढा, चिरेत वरून खाली सरकवा आणि डोळा उघडा ठेवून प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधा. सगळं काम मिनिटभरात व्हायला हवं. डोळ्याची आतली बाजू सुकली की तो धरत नाही. साल सहज सुटत नसेल तर दोन-चार दिवस थांबा किंवा झाडाला पाणी द्या. दोन-तीन आठवड्यांत देठ हात लावताच गळून पडला आणि डोळा हिरवा राहिला की तो धरला. मग डोळ्याच्या वरचा धुमारा कापा, पट्टी सोडा आणि नव्या फुटीला काठीचा आधार बांधा. पहिल्या वर्षी जोड वाऱ्याने सहज निखळतो. डोळ्याखालून येणारी गावठी फूट दर पंधरवड्याला काढत राहावी लागते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून फळं मिळू लागतात.

फुलं पावसाळ्यात येतात; बारीक, हिरवट-पिवळी, माश्या-मधमाश्यांनी भरलेली. तेव्हा कीटकनाशक मारू नका. फळं वाटाण्याएवढी झाली की पांढरी भुरी, म्हणजे बुरशीचा रोग, येते. ती दिसताच पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात सकाळी फवारा. फळ पोसत असताना, ऑक्टोबर ते जानेवारी, पंधरा-वीस दिवसांनी पाणी दिलं तर बोरं मोठी होतात. हंगाम संपला की पाणी तोडा आणि झाडाला पानं गाळू द्या. गळलेली किडकी फळं रोज वेचा आणि मेमध्ये झाडाखालची माती खणून उलटी करा, म्हणजे फळमाशीचे कोष उन्हाने मरतात.

बोर नव्या फुटीवरच फळते, त्यामुळे छाटणी दर वर्षी हवी. एप्रिलअखेर ते मेमध्ये, झाड निष्पर्ण असताना, गेल्या हंगामातल्या फांद्या पाव ते निम्म्यापर्यंत कमी करा. आतल्या बाजूला वाढणाऱ्या, वाळलेल्या आणि जमिनीला टेकणाऱ्या पूर्ण काढा. जाड हातमोजे आणि बंद बूट घाला. छाटलेल्या काट्या त्याच दिवशी गोळा करून नव्या रोपांभोवती रचा. पायवाटेवर एकही काटी राहू देऊ नका, वाळलेला बोरीचा काटा चपलेतून आरपार जातो.